रघुजींची तलवार हेगच्या कोर्टात जिंकता येईल का?

तुमच्या एकांकिकेचा आराखडा वाचला. महालात वाढलेली एक तरुण वकील हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ब्रिटनविरुद्ध भारताची बाजू मांडते, खटला जिंकते आणि पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार घेऊन नागपूरला परतते. तुम्ही विचारलं आहे की कायद्याने असं घडू शकतं का, आणि घडत असेल तर सरकारला ती तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावात विकत का घ्यावी लागली. शिवाय कोर्टाचा प्रवेश रंगमंचावर कसा दाखवावा, हेही विचारलं आहे. मी नागपूर खंडपीठात वकिली करतो आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतो. लिलावाची बातमी आली तेव्हापासून वर्गात हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तुमचा शेवट कायद्यात बसत नाही. मात्र जे खरोखर घडलं ते तुमच्या कल्पनेपेक्षा जास्त नाट्यमय आहे, आणि त्याचा मोठा भाग विदर्भातच घडला आहे.

आधी हेगचं पाहू. तिथे दोन निराळी न्यायालयं आहेत आणि नाटक-सिनेमात त्यांची नेहमी सरमिसळ होते. शांतता प्रासादात बसतं ते आंतरराष्ट्रीय न्यायालय. त्यात १५ न्यायाधीश असतात आणि पक्षकार फक्त देश असू शकतात. दुसरं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. ते युद्धगुन्ह्यांसारख्या गुन्ह्यांसाठी माणसांवर खटले चालवतं, २००२ पासून अस्तित्वात आहे आणि भारत त्याचा सदस्य नाही. तुमच्या नायिकेला पहिल्या न्यायालयात जावं लागेल. नागपूरचा वकील तिथे कसा, असा आक्षेप कोणी घेतला तर मनावर घेऊ नका. कुलभूषण जाधव खटल्यात २०१९ साली भारताच्या बाजूने निकाल मिळवणारे हरीश साळवे नागपूर विद्यापीठातूनच कायदा शिकले.

अडचण दाराशीच आहे. हे न्यायालय कोणत्याही देशाला त्याच्या संमतीशिवाय समोर उभं करू शकत नाही. काही देश 'आम्हाला या न्यायालयाचा अधिकार मान्य आहे' अशी कायमची घोषणा करून ठेवतात. भारताने केली आहे, ब्रिटनने केली आहे. पण दोघांनीही तिला अपवाद जोडले आहेत, आणि दोघांच्याही यादीत एक अपवाद समान आहे : राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद या न्यायालयात चालणार नाहीत. म्हणजे भारत विरुद्ध ब्रिटन हा रस्ता दोन्ही टोकांनी बंद आहे. आपण याच अपवादाचा आधार घेतलेला आहे, हेही लक्षात ठेवा. १९९९ साली कच्छजवळ पाकिस्तानी विमान पाडलं गेलं, पाकिस्तान हेगला गेला, आणि जून २००० मध्ये न्यायालयाने १४ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की भारताच्या या अपवादामुळे आम्हाला अधिकारच पोहोचत नाही. जाधव खटला उभा राहू शकला, कारण तो या घोषणेवर नव्हे, तर वकिलातींच्या संबंधांविषयीच्या व्हिएन्ना कराराला जोडलेल्या वेगळ्या पूरक करारावर आधारलेला होता. चोरीच्या किंवा लुटीच्या कलावस्तूंसाठी तसा दरवाजा नाही.

मग युनेस्कोचा १९७० चा करार? सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापाराविरुद्धचा हा सगळ्यांत मोठा करार. भारत त्यात १९७७ पासून आहे, ब्रिटन २००२ पासून. पण तो मागे जात नाही. करार लागू झाल्यानंतर जे चोरीला गेलं त्यालाच त्याचं संरक्षण मिळतं. रघुजींची तलवार त्याच्या खूप आधी गेली.

ती कशी गेली हा पुढचा पेच आहे, आणि नाटककार म्हणून तुम्ही इथे थांबायला हवं. तलवार फिरंग आहे : पातं युरोपात घडलेलं, मूठ आपल्याकडची मुल्हेरी धाटणीची, पात्यावर सोन्याचं नक्षीकाम आणि पाठीवर देवनागरीत 'सेनासाहेबसुभा' या पदासह रघुजींचं नाव. ती नागपुराबाहेर जाण्याच्या वाटा तीन असू शकतात. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली, डिसेंबरात नागपूर पडलं, तेव्हाच्या लुटीत ती गेली. किंवा नंतर कंपनीच्या कोणा अधिकाऱ्याला नजराणा म्हणून मिळाली. किंवा १८५३ साली तिसरे रघुजी वारल्यावर डलहौसीने राज्य खालसा केलं आणि राजवाड्यातली चीजवस्तू विकायला काढली, तेव्हा गेली. त्या वेळी भोसल्यांचे हत्ती-घोडे लिलावात गेले आणि जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झालं. कायद्याच्या नजरेत या तिन्ही वाटा सारख्या नाहीत. लुटीचा माल परत मागता येतो असा युक्तिवाद करता येईल. राजीखुशीने दिलेली भेट परत मागता येत नाही. तिसऱ्या वाटेत तर राज्यकर्त्याने आपल्याच कायद्याने जप्त करून विकलेला माल आहे. कोणती वाट खरी, हे कागदाने सिद्ध केल्याशिवाय कोणतंही न्यायालय पुढे जाणार नाही. अंदाजावर बातमी लिहिता येते, दावा लावता येत नाही.

समजा लुटीचं सिद्ध झालं. तरी १९२८ साली पाल्मास बेटाच्या वादात लवाद असलेल्या माक्स ह्यूबर यांनी घालून दिलेलं तत्त्व आडवं येतं : एखाद्या घटनेचा न्याय ती घडली त्या काळच्या कायद्याने करायचा, वाद उपस्थित झाला त्या काळच्या कायद्याने नाही. लुटीवर स्पष्ट लेखी बंदी आली हेगच्या १८९९ आणि १९०७ च्या नियमांत. १८१७ साली जिंकणाऱ्या सैन्याला लुटीतला वाटा मिळणं ही रीतच होती. ब्रिटिश बाजूचा वकील एवढं बोलून खाली बसेल, आणि बहुतेकांना वाटेल की वाद मिटला.

मला तो मिटलेला वाटत नाही. तुमच्या नाटकाचा गाभा मला इथे दिसतो.

सीताबर्डीच्या दोन वर्षं आधी, १८१५ च्या उन्हाळ्यात, नेपोलियन वॉटर्लूला हरला. त्याने इटलीतून, नेदरलँड्समधून, जर्मन राज्यांतून आणलेल्या चित्र-शिल्पांनी पॅरिसचं लूव्र भरलं होतं. यांतल्या कित्येक वस्तू तहाची कलमं लिहून नेल्या होत्या, म्हणजे फ्रान्सकडे कागदही होता. तरीही ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री कासलरे यांनी लेखी भूमिका घेतली की असं हरण न्यायाच्या तत्त्वांना आणि आधुनिक युद्धाच्या रिवाजांना धरून नाही, वस्तू मूळ मालकांकडे परत गेल्या पाहिजेत. पोपच्या वतीने वाटाघाटी करायला कानोव्हा हा शिल्पकार पॅरिसला आला होता. एक कलावंत राजदूत होऊन दुसऱ्या कलावंतांची कामं मागायला आला, हा प्रसंग रंगमंचावर आलाच पाहिजे. व्हेनिसचे ब्राँझचे चार घोडे परत गेले, रोमची प्राचीन शिल्पं परत गेली. फ्रेंचांचा विरोध मोडून लूव्रमधून नेदरलँड्सची चित्रं काढायला ज्याने सैनिक पाठवले आणि या परताव्याचं पत्र लिहून जोरदार समर्थन केलं, तो सेनापती होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

हा वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली. २९ नोव्हेंबर १८०३ ला आडगावच्या मैदानात नागपूरकर भोसल्यांचं सैन्य त्यानेच हरवलं. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला. दोन दिवसांनी देवगावच्या तहात दुसऱ्या रघुजींकडून कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख लिहून घेतला. तो अचलपूर-अकोल्याच्या वाटा ओळखत होता.

आणि गोष्ट इथे संपत नाही. १८१७-१८ च्या युद्धात दख्खनमध्ये मिळालेली लूट कोणत्या सैनिकाला किती वाटायची, यावर लंडनमध्ये वर्षानुवर्षं भांडण चाललं. त्या रकमेच्या वाटपासाठी नेमलेल्या विश्वस्तांत वेलिंग्टन होता. १८३१ चा 'अलेक्झांडर विरुद्ध ड्यूक ऑफ वेलिंग्टन' हा निकाल याच पैशाबद्दल आहे. युद्धातली लूट राजाची, राजा देईल त्यालाच मिळेल, हे तत्त्व त्यात सांगितलं आहे. वकील आजही तो निकाल उद्धृत करतात, पण लूट कुणाची होती हे क्वचितच कुणाला आठवतं.

म्हणजे पॅरिसमध्ये ज्या माणसाने लुटीचा माल मूळ मालकाला गेला पाहिजे म्हणून सैनिक पाठवले, तोच मराठ्यांच्या मुलखातली लूट सैनिकांत वाटण्यासाठी नेमलेला विश्वस्त झाला. 'त्या काळी तशी रीत होती' हे वाक्य तुमच्या नाटकात ब्रिटिश वकिलाच्या तोंडी घाला, आणि नायिकेला त्याच्यासमोर १८१५ ची पत्रं ठेवू द्या. तत्त्व तेव्हा ठाऊक होतं, वापरलं गेलं होतं, ब्रिटननेच वापरलं होतं. ते व्हेनिसला लागू झालं आणि नागपूरला लागू झालं नाही.

का नाही? एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पंडितांचं उत्तर होतं की राष्ट्रांचा कायदा सुसंस्कृत राष्ट्रांपुरता आहे आणि हिंदुस्थानातली राज्यं त्यात बसत नाहीत. पण याच राज्यांशी त्यांनी तहावर तह केले. देवगावचा तह कुणाशी केला, बसत नसलेल्या राज्याशी? या मुद्द्यावर हेगच्या न्यायालयाचाच एक निकाल आपल्या बाजूने बोलतो. दादरा-नगर हवेलीच्या प्रकरणात पोर्तुगालने भारतावर खटला भरला होता. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यातला १७७९ चा तह तपासला आणि तो वैध धरला. पुढची पायरी जास्त महत्त्वाची : त्या तहाने आणि नंतरच्या सनदांनी मराठ्यांनी पोर्तुगीजांना महसूल दिला, सार्वभौमत्व दिलं नाही, असं न्यायालयाने ठरवलं. अठराव्या शतकातलं मराठा राज्य तह करण्याच्या लायकीचं, सार्वभौम होतं, हे जगातल्या सर्वोच्च न्यायपीठाने लिहून ठेवलं आहे. माझ्या मते तुमच्या नायिकेच्या हातातला सगळ्यांत धारदार कागद हा आहे.

आता एक खरा खटला सुचवतो, ज्यात एका मराठी माणसाची लुटलेली मालमत्ता खरोखर कोर्टात परत मागितली गेली होती. रायगडचा किल्लेदार नारोबा औटी. पेशवाई बुडाल्यावर १८१८ साली इंग्रजांनी पुण्यात त्याचं धन जप्त केलं. किल्ला सोडताना खासगी मालमत्तेला हात लागणार नाही असं ठरलं होतं, अशी त्याच्या बाजूची भूमिका होती. त्याच्या वतीने मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात दावा लागला, तोही खुद्द गव्हर्नर राहिलेल्या एल्फिन्स्टनचं नाव घालून, आणि तिथे तो जिंकला गेला. अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायपीठाकडे गेलं. १८३० साली निकाल उलटला : ही युद्धातली जप्ती आहे, दिवाणी न्यायालयाला तिच्यात पडता येत नाही. लष्करी सत्तेने केलेल्या कृत्याला न्यायालयाचा दरवाजा बंद करणारे निकाल पुढे बरेच आले, त्यांतला हा एक जुना पाया. मुंबईत जिंकलेला आणि लंडनमध्ये हरलेला हा दावा हेगच्या काल्पनिक विजयापेक्षा प्रेक्षकाला जास्त हलवेल, असं मला मनापासून वाटतं.

सिनेमाबद्दल तुम्ही लिहिलं आहे की 'वुमन इन गोल्ड' पाहून ही कल्पना सुचली. नाझींनी लुटलेली क्लिम्ट या चित्रकाराची चित्रं ऑस्ट्रियाकडून परत मागणाऱ्या वारसदार स्त्रीची ही गोष्ट. त्या चित्रपटाने कलावस्तूंच्या परताव्याचा विषय घराघरात नेला, त्याबद्दल मला आदर आहे. पण त्यामागचं कायद्याचं वास्तव नीट समजून घ्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एवढंच ठरवलं की ऑस्ट्रियावर अमेरिकेत दावा चालू शकतो. चित्रं कुणाची, हे त्याने ठरवलं नाही. क्लिम्टची ती पाच चित्रं २००६ साली परत मिळाली ती ऑस्ट्रियाने मान्य केलेल्या लवादामुळे, आणि त्या लवादाने वापरला ऑस्ट्रियाचा स्वतःचा १९९८ चा परताव्याचा कायदा. वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्या देशाने आपला कायदा बदलणं, हीच खरी किल्ली होती. आपल्याकडे आलेल्या वाघनखांचंही पाहा. ती २०२५ साली इथल्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजबबंगल्यात लोकांनी पाहिली, पण ती उसनी आणलेली, तीन वर्षांसाठी. ती ज्याची आहेत त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला संग्रहातल्या वस्तू कायमच्या देऊन टाकायला ब्रिटनचा १९८३ चा कायदा जवळजवळ मनाई करतो. तो अडसर हेगमध्ये नाही, ब्रिटनच्या संसदेत आहे.

कोर्टाने मूर्ती परत दिल्याचं उदाहरण मात्र आहे, आणि ते भारताचं आहे. तमिळनाडूतल्या पाथूरचा नटराज १९७६ साली जमिनीत सापडला, चोरवाटेने लंडनला गेला. तिथल्या न्यायालयाने उद्ध्वस्त देवळालाही कायद्याने व्यक्ती मानलं, दावा लावायचा अधिकार दिला, आणि १९९१ साली मूर्ती परत आली. फरक इतकाच की चोरी ताजी होती आणि पुरावा हाताशी होता. हेगच्या न्यायालयानेही १९६२ साली प्रेह विहेअर या शिवमंदिराच्या वादात, तिथून नेलेली शिल्पं कंबोडियाला परत करा, असं थायलंडला सांगितलं. तिथेही काळ १९५४ नंतरचा होता.

रघुजींच्या तलवारीच्याच मोसमात, त्याच लिलावगृहाने पिप्रहवाच्या बुद्धधातूंसोबतची रत्नं हाँगकाँगला विक्रीला काढली होती. १८९८ च्या उत्खननात सापडलेली ही ठेव. दीक्षाभूमीच्या शहरात तिचं महत्त्व वेगळं सांगायला नको. भारत सरकारने नोटीस दिली, जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, मे २०२५ मधला लिलाव थांबला आणि जुलैअखेर ती रत्नं भारतात आली. तिथेही कोणत्या न्यायालयाने निकाल दिला नाही, आणि शेवटी एका भारतीय उद्योगसमूहाने पैसे मोजले. तलवारीसाठी राज्य सरकारने वाहतूक-विम्यासह सुमारे ४७ लाख रुपये मोजले आणि ती ऑगस्टमध्ये मुंबईत उतरली. आपलीच वस्तू विकत घ्यायची, याचा राग तुमच्या संहितेत आहे. तो राहू द्या, तो रास्त आहे. पण खरेदीला पराभव म्हणू नका. दावा चालणार नव्हता आणि लिलावाचा हातोडा दुसऱ्या कुणाच्या नावावर पडला असता तर तलवार पुन्हा एखाद्या खासगी तिजोरीत गेली असती.

एक आग्रहाची सूचना. रघुजींना फक्त लुटले गेलेले दाखवू नका. १७४० च्या दशकात त्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, चौथाई वसूल केली, गावं जाळली. बंगाली आया आजही मुलांना जे अंगाईगीत म्हणतात त्यात 'बर्गी' येतात, ते नागपूरकरांचे घोडेस्वार. कायद्याच्या पुस्तकात न मिळणारी साक्ष एका अंगाईने पावणेतीनशे वर्षं जपली आहे. तुमच्या नायिकेसमोर एखादं बंगाली पात्र उभं करा आणि त्याला हा प्रश्न विचारू द्या. नायिकेची बाजू त्याने दुबळी होत नाही. 'लूट कुणाचीही असो, ती परत गेली पाहिजे' असं म्हणण्याचा अधिकार तिला त्या प्रश्नाला सामोरं गेल्यावरच मिळतो.

हेगचा प्रवेश ठेवायचाच असेल, स्वप्न म्हणून किंवा कल्पना म्हणून, तर तपशील असे ठेवा. हातोडा नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही, 'ऑब्जेक्शन मिलॉर्ड' नाही. न्यायाधीश काळ्या झग्यात, गळ्यावर पांढरी झालर, एका लांब मेजामागे ओळीने बसलेले. वकील उभा राहून तयार भाषण वाचतो, मध्ये कुणी तोडत नाही. भाषा इंग्रजी किंवा फ्रेंच. देशाच्या वतीने बोलणाऱ्या मुख्य प्रतिनिधीला 'एजंट' म्हणतात आणि शेवटची मागणी तोच वाचून दाखवतो. हा संथपणा रंगमंचावर कंटाळवाणा होईल अशी भीती वाटेल, पण ज्या शांततेत ही भाषणं होतात त्यात ताण असतो, तो वापरा.

छायाचित्रांचं थोडक्यात : तलवारीवर कुणाचा स्वामित्वहक्क नाही, तिची प्रतिकृती बनवून वापरायला हरकत नाही. पण लिलावगृहाच्या सूचीतला फोटो पोस्टरवर घेऊ नका, तो हक्क छायाचित्रकाराचा किंवा संस्थेचा असतो आणि बर्न करारामुळे भारतातही चालतो. तुमच्या संहितेलाही तेच संरक्षण आपोआप मिळतं, नोंदणीची सक्ती नाही. तरी तारीख असलेली एक प्रत जपून ठेवा.

सीताबर्डीचा किल्ला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतो. नटांना घेऊन एकदा वर जा आणि तिथून शहर कुठे आणि किती जवळ आहे ते त्यांना दाखवा. १८१७ चा प्रवेश बसवताना उपयोग होईल. १८३० च्या निकालातले दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मराठीत आणायचे असतील तर संहिता पाठवा, मी बसून करून देईन.